रास्पबेरी पाय ४०० सारखा अडखळतो, मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतो: आमच्या घरी सापडलेली कारणं

घाईत असलेल्यांसाठी आधी उत्तर. मशीन कधी गोठत असेल, कधी आपोआप रीस्टार्ट होत असेल आणि त्याला काही नेम नसेल, किंवा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकत असेल, तर चार्जरच्या मागे लागण्याआधी वायर बदला. जाड, आखूड आणि शक्यतो ॲडॅप्टरलाच कायमची जोडलेली वायर घ्या. त्यानंतरही लाईट जाता-येताना मशीन उडत असेल तर इन्व्हर्टरवरचं यूपीएस मोडचं बटण शोधा. आणि एवढं करूनही त्रास उरला, तर मेमरी कार्ड नव्याने लिहून घ्या, कारण आधीच्या झटक्यांनी ते बिघडलेलं असतं. क्रम हाच ठेवा. आम्ही तो बरोबर उलटा ठेवला आणि त्यात अख्खा पावसाळा गेला.

आता सविस्तर.

पाय ४०० म्हणजे एका छोट्या कीबोर्डात बसवलेला पूर्ण कॉम्प्युटर. २ नोव्हेंबर २०२० ला तो आला तेव्हा सुट्या मशीनची किंमत ७० डॉलर होती; माऊस, ॲडॅप्टर, एचडीएमआय केबल, कार्ड आणि पुस्तक असा पूर्ण संच १०० डॉलरला. आत १.८ गिगाहर्ट्झचा चार कोअरचा प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरी. सगळी जोडणी मागच्या बाजूला. टीव्हीला लावायचं आणि टाइप करायला लागायचं. १९८६ मध्ये आपल्याकडे निघालेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ ज्यांनी वापरला असेल त्यांना हे रूप लगेच ओळखू येईल.

मला ओळखू आलं ते शाळेमुळे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला आणि देशातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो दिले. पुण्यात आमच्या शाळेला ते मिळाले होते. चपला बाहेर, तीन मुलींत एक मशीन आणि आठवड्याला एकच तास. मेमरी ३२ केबी. सोळा रंगांचा मोड लावला की त्यातली २० केबी नुसत्या चित्रालाच जायची, मग प्रोग्रॅम कसा काटकसरीने लिहायचा ते आपोआप कळायचं. ते यंत्र केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं आणि त्यातलं बेसिक (प्रोग्रॅम लिहायची भाषा) सोफी विल्सन यांनी लिहिलेलं. रास्पबेरी पायही केंब्रिजचाच. सुरुवातीच्या पायांना मॉडेल ए आणि मॉडेल बी ही नावं दिली तीसुद्धा बीबीसी मायक्रोवरून.

त्या बीबीसी बेसिकची रिचर्ड रसेल यांनी केलेली आजची आवृत्ती पायवर चालते. भाचा ओंकार सातवीत गेला, त्याला मोबाईलवरून उठवून कशात तरी गुंतवायचं होतं आणि खरं सांगायचं तर मलाच हौस होती. मशीन घेतलं, पण सुटं. ‘घरात पाच चार्जर पडलेत, सहावा कशाला?’ हा शहाणपणा माझा. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यातून झालं, मशीनचा त्यात काही दोष नाही.

काय काय व्हायचं

एकच दुखणं तीन वेगळ्या रूपांत यायचं, त्यामुळे ते तीन आजार आहेत असं आम्ही धरून चाललो होतो.

पहिलं, गोठणं. ओंकार वर्तुळं काढायचा प्रोग्रॅम चालवतोय, सगळं छान, आणि मधेच सगळं थांबतं. कळ दाबा, माऊस हलवा, काही नाही. दुसरं, रीस्टार्ट. न विचारता स्क्रीन काळी आणि पुन्हा सुरुवातीपासून. तिसरं सगळ्यात चिडचिड करणारं: काल जपून ठेवलेला प्रोग्रॅम आज उघडला तर फाईल आहे, नाव आहे, आत काहीच नाही. शून्य बाइट. पोरगं रडवेलं झालं होतं. ‘मावशी, अगं हा पाय आहे, अडखळणारच,’ असं नंतर तोच म्हणायला लागला, तेव्हा जरा हलकं वाटलं.

या तिघांत न बसणारं चौथंही एक होतं, स्क्रीन नुसतीच काळी होणं. ते आधी बाजूला काढते, कारण ते बऱ्याचदा बिघाड नसतंच.

स्क्रीन काळी झाली की कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का बघा. पाय ४०० मध्ये कीबोर्ड वरून अंगचा दिसतो, पण आतून तो यूएसबीनेच जोडलेला आहे आणि तो दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही, आतली सिस्टिम लावते. म्हणजे दिवा बदलला तर मशीन जिवंत आहे आणि भांडण फक्त चित्राशी आहे. दिवा ढिम्म असेल तर मशीन खरंच गोठलंय. ही चाचणी मला आधी माहीत असती तर निम्मी धावपळ वाचली असती.

दिवा बदलतो आणि चित्र नाही, अशा वेळी तीन गोष्टी बघा. एक, दहा मिनिटं हात न लावल्यावर स्क्रीन विझवायची सोय सिस्टिममध्येच आहे. माऊस हलवला की चित्र येतं. सेटिंगमधून ती बंद करता येते. दोन, मागे दोन मायक्रो एचडीएमआय आहेत, त्यातलं कार्डाच्या खाचेजवळचं वापरा. तीन, मोठ्या एचडीएमआय केबलला छोटं कनेक्टर लावून ती लोंबकळत ठेवू नका. त्या जडपणाने जोड सैल होतो आणि कीबोर्ड जरा सरकवला की चित्र जातं. आमच्याकडे हे तिसरं होतं. सरळ मायक्रो एचडीएमआयचीच केबल आणली, संपलं.

मशीनलाच विचारणे

गोठणं आणि रीस्टार्ट यावर आम्ही सुचेल ते सगळं करून पाहिलं. सिस्टिम अपडेट केली, कार्ड पुसून परत लिहिलं, दुसरं बेसिक टाकलं. उन्हाळ्यात घेतलेलं मशीन, म्हणून एकदा पंख्याखालीही ठेवलं. पाय ४०० च्या आत कीबोर्डाच्या लांबीएवढा धातूचा पत्रा बसवलेला असतो, तो उष्णता पसरवतो. चिपळूणच्या मे महिन्यातसुद्धा बेसिकचे प्रोग्रॅम चालवून मशीन तापून बंद पडेल असं नाही. उष्णतेवर वेळ घालवू नका.

खरं उत्तर मशीन स्वतः सांगत होतं, आम्ही विचारलं नव्हतं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि ‘व्हीसीजेनसीएमडी’, मग एक जागा सोडून ‘गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) अशी आज्ञा द्या. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत आणि सगळी छोटी अक्षरं. उत्तरात ‘शून्य-एक्स-शून्य’ आलं तर सुरू झाल्यापासून सगळं ठीक चाललंय. आमच्याकडे आलं ‘शून्य-एक्स-५०००५’.

हा सोळाच्या पायाचा, म्हणजे हेक्साडेसिमल आकडा आहे. जुन्या मशीनवर प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर हेक्साडेसिमल यायलाच हवं, म्हणून मी ओंकारला बसवून तो फोडायला लावला. शेवटचा ५ म्हणजे ४ अधिक १. त्यातल्या १ चा अर्थ ‘आत्ता व्होल्टेज कमी आहे’ आणि ४ चा अर्थ ‘म्हणून मी वेग उतरवलाय’. उष्णतेसाठी ८ असता, पण तो तिथे नव्हता. डावीकडचा ५ तेच सांगतो, फक्त ‘आत्ता’ ऐवजी ‘सुरू झाल्यापासून कधी तरी’. म्हणजे शून्य-एक्स-५०००० आलं तर संकट येऊन गेलंय, या क्षणी नाही.

यात एक खोच आहे. हा आकडा मशीन बंद-चालू झालं की पुसला जातो. आम्ही रीस्टार्ट झाल्यावर आज्ञा द्यायचो, त्यामुळे पहिले दोन-तीन वेळा शून्य दिसलं आणि ‘वीजपुरवठा ठीक आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळे झालो. चोर गेल्यावर पावलांचे ठसे पुसून मग पंचनामा करायचा, असा तो प्रकार. बरोबर पद्धत अशी: एका खिडकीत हीच आज्ञा ‘वॉच’ लावून दर दोन सेकंदांनी चालू ठेवा आणि मग मशीनला कामाला लावा. ब्राउझर उघडा, व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर लावा, पेन ड्राइव्हवर मोठी फाईल उतरवा. आकडा कधी बदलतो ते डोळ्यांनी दिसतं.

काम वाढवणं महत्त्वाचं आहे. नुसतं बेसिक चालू असताना पायचा जेमतेम एक कोअर राबतो आणि मशीन अर्धा-पाऊण अँपिअरवर भागवतं. ब्राउझर उघडला, वाय-फाय जागं झालं, पेन ड्राइव्ह लागला की तेच एक अँपिअरच्या वर जातं. आमचं मशीन नेमकं ओंकार ‘हे कसं करायचं’ म्हणून ब्राउझर उघडायचा तेव्हा गोठायचं. मला वाटायचं ब्राउझर वाईट आहे.

वायर

पाय ४०० ला ५.१ व्होल्ट हवेत आणि ३ अँपिअर देऊ शकेल असा ॲडॅप्टर हवा. आतलं व्होल्टेज ४.६३ च्या आसपास खाली गेलं की मशीन ‘व्होल्टेज कमी’ अशी नोंद करतं. पाच आणि ४.६३ यांच्यात केवढं अंतर आहे बघा. पावपेक्षा थोडं जास्त, अर्ध्यापेक्षा कमी. एवढी गळती वायरमध्ये होते यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

म्हणून मी चार्जर बदलत गेले. फोनचा एक, टॅबलेटचा एक, शेवटी जावेच्या लॅपटॉपचा ६५ वॅटचा. ६५ वॅटवरही वीज चमकली तेव्हा मी मशीन परत करायच्या विचारात होते.

एसटी स्टँडजवळ एक मोबाईल दुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडे सगळं लटांबर घेऊन गेले. त्याने मशीनकडे बघितलंही नाही. वायर हातात घेऊन दोन बोटांत चोळली आणि म्हणाला, ‘ताई, ही चार्जिंगची वायर आहे, मशीन चालवायची नाही.’ मला ते शब्दांचा खेळ वाटलं. त्याने समजावलं: फोनमध्ये बॅटरी असते. वायरीतून कमी आलं तर फोन हळू चार्ज होतो, कुणाला कळतही नाही. तुमच्या या कीबोर्डात बॅटरी कुठे आहे? त्याला जे येतं त्याच क्षणी तेच मिळतं. क्षणभर कमी आलं की तो मेलाच.

घरी येऊन गणित केलं. स्वस्त वायरींत आत २८ गेजची बारीक तार असते. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. पण वीज जाते एका तारेतून आणि परत येते दुसऱ्या तारेतून, म्हणजे एक मीटर लांब वायरीत तार झाली दोन मीटर आणि रोध ०.४२. त्यातून एक अँपिअर गेला की ०.४२ व्होल्ट वायरीतच खर्च. चार्जरने पूर्ण पाच दिले तरी मशीनच्या तोंडाशी ४.५८ उरतात. तीच वायर २४ गेजची असेल तर गळती ०.१७ होते आणि ४.८३ मिळतात. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या ॲडॅप्टरला दीड मीटर लांब पण १८ गेजची वायर कायमची जोडलेली असते. तिच्यात अँपिअरमागे ०.०६ सुद्धा जेमतेम जातात. वर ५.१ दिलेले असतात ते अशाच गळतीची सोय म्हणून.

गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे उलटं आहे, लक्षात ठेवा. बऱ्याच वायरींवर बारीक अक्षरांत तो छापलेला असतो. दोन आकडे असतील, समजा २८ आणि २४, तर एक डेटाच्या जोडीचा आणि दुसरा विजेच्या दोन तारांचा. आपल्याला दुसऱ्याशी काम. काहीच छापलेलं नसेल तर मी आता तशी वायर घेतच नाही. बाहेरून जाड दिसणाऱ्या वायरीवर जाऊ नका. वेणीसारख्या विणलेल्या वायरीत नुसतं कापड जाड असू शकतं.

६५ वॅटचं कोडंही इथेच सुटतं. चार्जरच्या पाठीवरची छपाई भिंग घेऊन वाचा. ६५ वॅट मिळतात ते २० व्होल्टवर, ३.२५ अँपिअर. पाच व्होल्टच्या ओळीत तिथे ३ अँपिअरच असतात, काही फोनच्या चार्जरवर तर २. पाय ४०० चार्जरकडे जास्त व्होल्टेज मागतच नाही, त्याला पाचच हवेत. म्हणजे वॅट कितीही लिहिलेले असू देत, आपण वाचायची ती फक्त पाच व्होल्टची ओळ. (तुमच्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये आलेला पाय ५०० असेल तर त्याची भूक मोठी आहे, त्याच्यासाठी २७ वॅटचा वेगळा ॲडॅप्टर येतो. ४०० चा त्याला पुरवू नका.)

मोजून बघायचं असेल तर एक सुरक्षित युक्ती. मागच्या ४० पिनांच्या पट्टीवर २ आणि ४ नंबरच्या पिनांवर पाच व्होल्ट असतात, ६ नंबर ग्राउंड. मल्टिमीटरने तिथे मोजता येतं, पण २ च्या शेजारीच १ नंबरवर ३.३ व्होल्टची पिन आहे. टोक घसरून त्या दोघी जुळल्या तर मशीन कायमचं गेलं. माझा हात थरथरतो, मी ते केलं नाही. बाजारात यूएसबीत खोचायचा बोटाएवढा व्होल्टमीटर मिळतो, तो पायच्या रिकाम्या यूएसबीत लावला. चार्जर काय देतोय ते सोडा, मशीनपर्यंत काय पोचतंय ते त्यावर दिसतं. शांत असताना ४.८, व्हिडिओ लावल्यावर ४.६ च्या खाली. वायर बदलून योग्य ॲडॅप्टर लावल्यावर तोच आकडा पाचच्या आसपास टिकून राहिला आणि ‘वॉच’च्या खिडकीतलं शून्य हललं नाही.

ती पिवळी वीज दिसू नये म्हणून कॉन्फिग फाईलमध्ये एक ओळ टाकता येते, ‘अव्हॉइड_वॉर्निंग्ज’ नावाची. कुणीतरी सांगतंच. टाकू नका. ताप तसाच ठेवून थर्मामीटर कपाटात टाकायचा, त्यातला हा उपाय. नव्या सिस्टिममध्ये पिवळ्या विजेऐवजी कोपऱ्यात व्होल्टेजची सूचना येते, ती बंद करायचा मोहही आवरा.

आणि हो, हे रडगाणं नवीन नाही. बीबीसी मायक्रोच्या अगदी पहिल्या मशीनमधले जुन्या धाटणीचे पॉवर सप्लाय तापायचे, म्हणून पुढे स्विच मोडचे बसवले गेले. चाळीस वर्षांत कॉम्प्युटर कुठल्या कुठे गेला, पाच व्होल्ट पोचवायचं दुखणं मात्र घरंदाज निघालं.

पण लाईट गेली की?

वायर बदलल्यावर आठ दिवस सुखाचे गेले. मग जुलैतला पाऊस, दिवसातून दहा वेळा लाईट जा-ये. घरात इन्व्हर्टर आहे, पंखा थांबत नाही, ट्यूब एकदा लुकलुकते एवढंच. पण त्या लुकलुकण्यात पाय उडायचा. पुन्हा ओंकारचं तोंड पाहण्यासारखं.

हे दुसरं दुखणं आहे हे ओळखायची सोपी खूण आहे: त्याच वेळी राउटरही रीस्टार्ट होतो का बघा. होत असेल तर दोष वायरीचा नाही, इन्व्हर्टर लाईटवरून बॅटरीवर जायला जो क्षण घेतो त्याचा आहे. पंख्याला तो क्षण जाणवत नाही, तो स्वतःच्या गतीवर फिरत राहतो. पायच्या ॲडॅप्टरमध्ये साठवलेली वीज फारच थोडी असते.

बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर एक बारीक बटण किंवा स्विच असतो. एका बाजूला नॉर्मल किंवा इको, दुसऱ्या बाजूला यूपीएस. नॉर्मलवर इन्व्हर्टर सावकाश बदल करतो आणि व्होल्टेज बरंच खाली-वर झालं तरी लाईटवरच राहतो. यूपीएसवर तो पटकन उडी मारतो. आमचा बसवला तेव्हापासून नॉर्मलवर होता, बटण भिंतीकडच्या बाजूला, त्यावर धूळ. यूपीएसवर केल्यावर इन्व्हर्टरला जाणारा मेन स्विच मी स्वतः पंधरा-वीस वेळा बंद-चालू करून पाहिला, बेसिकचा प्रोग्रॅम चालूच राहिला. एक तोटा आहे. आमच्याकडे व्होल्टेज सारखं पडतं, त्यामुळे आता इन्व्हर्टर पूर्वीपेक्षा जास्त वेळा बॅटरीवर जातो. तो सौदा मला मान्य आहे, तुमचा तुम्ही ठरवा.

इन्व्हर्टर नसेल तर पॉवर बँक मधे टाकायचा विचार सगळ्यांना सुचतो. मलाही सुचला होता. पण बऱ्याच पॉवर बँका एका बाजूने चार्जर लावला किंवा काढला की दुसऱ्या बाजूचा पुरवठा क्षणभर तोडतात. म्हणजे नेमक्या नको त्या क्षणी. घेण्याआधी दुकानातच यूएसबीवर चालणारा एक टेबल लॅम्प लावून चार्जर काढून-घालून बघा. दिवा लुकलुकला तर ती पॉवर बँक या कामाची नाही. न लुकलुकणं हीसुद्धा पूर्ण हमी नव्हे, पण चाळणी म्हणून ठीक.

पावसाळ्यात एक्स्टेंशन बोर्डही बघून घ्या. आमचा एक सॉकेट इतका सैल होता की ॲडॅप्टर हलला की चरचर आवाज यायचा. त्याच्यामुळे झालेले रीस्टार्ट किती आणि इन्व्हर्टरमुळे किती, याचा हिशोब आता लागणार नाही.

कार्ड सगळ्यात शेवटी

वायर झाली, इन्व्हर्टर झाला. तरी एक दिवस मशीन सुरू होताना अर्ध्यात थांबलं आणि दुसऱ्या दिवशी फाईल जपून ठेवू देईना, ‘रीड ओन्ली’ म्हणायला लागलं. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं, वीजपुरवठा हे खरं कारण नव्हतंच मुळी.

इथेच बहुतेक लोक फसत असावेत. वीज मधेच गेली की कार्डावर लिहिता लिहिता काम तुटतं आणि आतली मांडणी बिघडते. वीजपुरवठा सुधारला म्हणून आधी बिघडलेलं कार्ड बरं होत नाही. ते तसंच त्रास देत राहतं आणि आपण खऱ्या उपायावरच शंका घेतो. आम्ही तर पावसाळ्याच्या सुरुवातीला कार्ड दोनदा नव्याने लिहिलं होतं, पण वाईट वायरीवर. ती मेहनत पहिल्याच झटक्यात वाया गेली असणार.

तेव्हा वीज पक्की झाल्यावर एकदाच: आपले प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर काढा, कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅमने पूर्ण नव्याने लिहा. कार्ड रस्त्यावरचं किंवा फार स्वस्तात घेतलेलं असेल तर ‘एफ३’ नावाच्या प्रोग्रॅमने तपासून घ्या. वर ६४ जीबी लिहिलेलं आणि आत त्याच्या निम्मंही नाही अशी कार्डं सर्रास विकली जातात. ती भरेपर्यंत नीट चालतात आणि मग गिळायला लागतात.

शून्य बाइटच्या फाईलींचं गूढही इथलंच. आपण ‘सेव्ह’ म्हटलं की फाईल लगेच कार्डावर जात नाही, काही सेकंद मेमरीत थांबते. तेवढ्यात वीज गेली तर नाव लिहिलं जातं आणि मजकूर राहून जातो. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ एवढी एक आज्ञा दिली की जे थांबलंय ते सगळं खरोखर उतरतं. ओंकारला मी नियम घातलाय: सेव्ह, सिंक, मग पाणी प्यायला उठायचं. बंद करताना बोर्डाचं बटण नाही दाबायचं, एफएन आणि एफ१० एकदम दाबायचे, पाय ४०० ला ती सोय कीबोर्डावरच आहे. मशीन पार गोठलं असेल तर तेच दोन्ही बराच वेळ दाबून धरायचे.

कार्यक्रमाचा दिवस असेल, शाळेच्या प्रदर्शनात मांडायचं असेल, तर कॉन्फिगरेशनमध्ये ‘ओव्हरले फाईल सिस्टिम’ चालू करता येते. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, कुणी प्लग उपटला तरी कार्ड सुरक्षित. फक्त त्या काळात नवीन काही जपून ठेवलं तर ते बंद केल्यावर जातं, हे आधी सगळ्यांना ओरडून सांगा. आमच्याकडे एकाला सांगायचं राहिलं होतं.

एक किरकोळ गोष्ट राहिली. पाय ४०० मध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नाही. लाईट बराच वेळ गेली आणि परत आल्यावर इंटरनेट नसेल, तर मशीन शेवटची आठवणारी वेळ धरून बसतं आणि फाईलींवर जुन्या तारखा पडतात. नवा प्रोग्रॅम यादीत खाली गेलेला दिसला तर तो हरवलेला नाही. तारखेनुसार लावलेली यादी नावानुसार लावा, सापडेल.